मॉरिशसमध्ये आयटीची नोकरी: शोधापासून परवान्यापर्यंत

मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या पुणे जिल्ह्यात अशी सात बेटं मावतील आणि वर जागा उरेल. पुण्यात एका कंपनीने नाकारलं तर त्याच तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आणखी पन्नास असतात. मॉरिशसमध्ये त्या हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यांचे एचआरवाले एकमेकांना ओळखतात. त्यामुळे शंभर ठिकाणी सीव्ही टाकून वाट बघायची पद्धत इथे चालत नाही. पंधरा-वीस कंपन्या नीट निवडायच्या आणि प्रत्येकीसाठी वेगळी तयारी करायची.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की हवी. परदेशी माणसाला घ्यायचं म्हणजे कंपनीला कागदपत्रं, वेळ आणि पैसा खर्चावा लागतो. रेड्युई इथलं मॉरिशस विद्यापीठ आणि बेटावरच्या इतर संस्थांमधून दरवर्षी आयटीचे पदवीधर बाहेर पडतात. त्यांना इंग्रजी, फ्रेंच आणि क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली बेटाची बोली) तिन्ही येतात. साधं वेब डेव्हलपमेंट, हेल्पडेस्क, मॅन्युअल टेस्टिंग, सुरुवातीच्या पातळीचं जावा किंवा पीएचपी यांसाठी तुमचा विचार कोणी का करावा, याला उत्तर नाही. फ्रेशर म्हणून जाण्याचा नाद सोडलेला बरा. बेटावर सहज न मिळणारं काहीतरी तुमच्याकडे असेल तरच गाडी पुढे सरकते.

मागणी कशाला असते

पहिला मोठा गट बँका आणि वित्तसेवांचा. बेटावर एमसीबी आणि एसबीएम या दोन मोठ्या स्थानिक बँका आहेत, शिवाय परदेशी बँका आणि भारतातल्या काही बँकांच्या शाखा वा उपकंपन्या. टेमेनॉस किंवा फिनॅकलसारख्या कोअर बँकिंग प्रणालीवर पाच-सात वर्षं काढलेला माणूस, पेमेंट स्विचवर आणि कार्ड प्रणालीवर काम केलेला, मनी लाँडरिंगविरोधी तपासणीची सॉफ्टवेअरं जाणणारा, डेटा वेअरहाऊस बांधलेला: अशांची गरज असते. इथे इंग्रजीवर भागू शकतं. मुंबईतल्या बँकांच्या आयटी विभागात मुरलेल्यांसाठी हा सर्वांत जवळचा रस्ता.

दुसरा गट परदेशी कंपन्यांच्या सेवाकेंद्रांचा. ॲक्सेंचर, पगारप्रणाली बनवणारी डेफोर्स (जुनं नाव सेरिडियन), एसडी वर्क्स, ॲस्टेक ही त्यातली ओळखीची नावं. यातल्या बऱ्याच केंद्रांचे ग्राहक फ्रान्स आणि बेल्जियममधले. तिथे आर्किटेक्ट, डेव्हऑप्स, क्लाऊड सुरक्षा, सेल्सफोर्स, सॅप अशा जागांवर अनुभवी माणसं लागतात; पण ग्राहकाशी रोज बोलायचं असेल तर फ्रेंचशिवाय गाडी अडते.

तिसरा गट टेलिकॉम आणि स्थानिक सिस्टिम इंटिग्रेटर कंपन्यांचा. मॉरिशस टेलिकॉम, एमटेल, हॅरेल मॅलॅकसारख्या समूहांच्या तंत्रज्ञान कंपन्या. नेटवर्क, डेटा सेंटर, सायबर सुरक्षा ही त्यांची गरज. जागा थोड्या, पण काम अंगावर येणारं. एकाच माणसाला फायरवॉल, बॅकअप आणि ग्राहकाची बैठक तिन्ही सांभाळावी लागतात. पुण्यात ‘माझं काम फक्त स्टोरेजचं’ म्हणायची सवय लागलेल्यांना हे जड जातं.

चौथं क्षेत्र लोक विसरतात: डेटा संरक्षण. मॉरिशसचा २०१७ चा डेटा संरक्षण कायदा युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमांच्या धर्तीवर बेतलेला आहे. या विषयातला अनुभव किंवा आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षा मानकाचं ऑडिट केलेलं असेल तर ते सीव्हीच्या पहिल्या पानावर यायला हवं, तळाशी ‘इतर प्रमाणपत्रं’मध्ये नव्हे.

या कंपन्या बहुतेक एबेनमध्ये आहेत. पोर्ट लुईच्या दक्षिणेला उसाच्या शेतांच्या जागी उभी राहिलेली ही सायबरसिटी. तिथला पहिला सायबर टॉवर भारताच्या कर्जसाहाय्यातून झाला. बँकांची मुख्यालयं पोर्ट लुईत, आणि अलीकडे मोका परिसरातही कार्यालयं वाढली आहेत. मुलाखतीआधी कार्यालय यांपैकी कुठे आहे ते बघून ठेवा, घर त्यावरून ठरतं.

फ्रेंचचं काय करायचं

सरकारी कारभार आणि कायदे इंग्रजीत, वर्तमानपत्रं आणि ऑफिसातल्या गप्पा बव्हंशी फ्रेंचमध्ये, घरात आणि रस्त्यावर क्रिओल. बैठक इंग्रजीत सुरू होते, तिसऱ्या मिनिटाला फ्रेंचवर घसरते, आणि विनोद क्रिओलमध्ये होतो. तुम्ही खोलीत आहात म्हणून कोणी भाषा बदलत राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

पुणे किंवा मुंबईतल्या आलियाँस फ्राँसेजमध्ये बी-वन पातळीपर्यंत शिकून डेल्फ परीक्षा दिली तर सीव्हीचं वजन स्पष्टपणे वाढतं. नोकरी करून शिकताना यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं, म्हणून शोध सुरू करायच्या आधीच नाव नोंदवा. त्याखालच्या ए-टू पातळीवर ‘फ्रेंच येतं’ असं लिहू नका. मुलाखत घेणारा ते वाचून थेट फ्रेंचमध्ये सुरू करतो आणि पाच वाक्यांत पितळ उघडं पडतं. ‘फ्रेंच ए-टू, बी-वनचा वर्ग चालू’ एवढं खरं लिहिलेलं पुरतं. मराठी आणि हिंदीचा नोकरीत उपयोग नाही. बाजारात, शेजारात होतो.

शोध आणि अर्ज

मायजॉब डॉट एमयू हे स्थानिक नोकऱ्यांचं मुख्य संकेतस्थळ. लिंक्डइनवरही जाहिराती असतात, पण तिथल्या पुष्कळ जाहिराती मुळात स्थानिकांसाठी असतात. जाहिरातीत ‘मॉरिशसचे नागरिक’ असं लिहिलेलं असेल तर वेळ घालवू नका. काही लिहिलेलं नसेल तर अर्ज करण्याआधी एचआरला दोन ओळींचा संदेश पाठवा: मी भारतीय नागरिक आहे, ऑक्युपेशन परमिट (काम आणि वास्तव्याचा एकत्र परवाना) लागेल, या जागेसाठी कंपनी ते करते का? उत्तर ‘नाही’ आलं तरी महिनाभराची वाट वाचते.

सीव्ही दोन पानांचा. पहिल्या पाच ओळींत या चार गोष्टी हव्यात: नेमकं तंत्रज्ञान आणि त्याची आवृत्ती, किती वर्षं, कोणत्या उद्योगात, आणि किती दिवसांत रुजू होऊ शकता. शेवटची गोष्ट भारतीय उमेदवारांना सगळ्यात जास्त नडते. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये ९० दिवसांचा नोटीस पिरियड असतो. मॉरिशसमध्ये कायद्याने किमान ३० दिवस. त्यात परवान्याची प्रक्रिया मिळवली की कंपनीला तुम्ही चार-पाच महिने लांब दिसता. नोटीस विकत घेऊन कमी करता येत असेल, तर किती दिवसांनी आणि किती पैशांत, हे आधीच स्वतःच्या एचआरकडून समजून घ्या आणि सीव्हीत तोच आकडा लिहा.

संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांना इथे खरोखर फोन जातो. त्यांना आधी सांगून ठेवा.

अर्जाचा मोसमही बघा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेट सुट्टीवर असतं. तेव्हा पाठवलेला सीव्ही नव्या वर्षाच्या ढिगाऱ्याखाली जातो. फेब्रुवारी-मार्च बरे. मुलाखतीची वेळ ठरवताना घड्याळ सांभाळा: मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे, तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेदहा.

पर्यटक म्हणून जाऊन कंपन्यांना भेटावं का? भारतीयांना विमानतळावर पर्यटक व्हिसा मिळतो, आणि एका आठवड्यात सहा-सात लोकांना चहाला भेटणं इतक्या छोट्या जागी शक्य असतं. वीस मिनिटांच्या प्रत्यक्ष भेटीने वीस ईमेलचं काम होतं. मात्र त्या व्हिसावर एक दिवसही काम करता येत नाही, ‘आधी चालू करा, परमिट मागून बघू’ म्हणणाऱ्या मालकासाठी तर मुळीच नाही. पकडलं गेलं तर परत पाठवणी तुमची होते.

ऑफर आली, आता काय तपासायचं

कंपनी खरी आहे का, ते मॉरिशसच्या कंपनी नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात नाव टाकून बघा: नोंदणी क्रमांक, स्थिती, पत्ता. पत्र मोफत ईमेलवरून आलं असेल, मुलाखत फक्त चॅटवर झाली असेल, आणि ‘परमिटची फी’ म्हणून पैसे मागितले असतील, तर तिथेच थांबायचं. परवान्याचा अर्ज कंपनीमार्फत सरकारी प्रणालीत होतो. उमेदवाराने एजंटाच्या खात्यात पैसे भरण्याची पायरी त्यात कुठेच नाही. भारतात मध्यस्थ असेलच, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला हवा.

करारात या गोष्टी लेखी घ्या: मूळ पगार वेगळा आणि भत्ते वेगळे, पगार वर्षाला बारा महिने की तेरा, परवान्याचं शुल्क आणि विमानभाडं कोण देणार, घर मिळेपर्यंत किती दिवस राहण्याची सोय, खासगी आरोग्य विमा कुटुंबासह आहे का, नोकरी गेली तर परतीचं तिकीट. तेराव्या पगाराची पद्धत तिथे रुळलेली आहे, डिसेंबरमध्ये मिळतो. त्यामुळे कोणी ‘वर्षाला इतके’ म्हटलं की आधी बाराने भागायचं की तेराने ते विचारा.

मूळ पगार वेगळा मागायचं कारण परवान्यात आहे. ऑक्युपेशन परमिटच्या ‘प्रोफेशनल’, म्हणजे पगारी नोकरदारांच्या, गटाची किमान पगाराची अट मूळ पगारावर मोजतात, भत्ते धरत नाहीत. ही मर्यादा सरकार अर्थसंकल्पात बदलत असतं. आयटीसाठी ती बराच काळ महिना ३०,००० मॉरिशस रुपये होती, तेव्हा इतर क्षेत्रांना ६०,००० लागू होती. अर्जाच्या दिवशीची मर्यादा इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाच्या, म्हणजे हे परवाने हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मार्गदर्शिकेत बघायची. कोणाच्या जुन्या व्हिडिओवरून ठरवू नका.

स्पर्धक कंपनीत न जाण्याचं कलम आणि प्रशिक्षणाचा बाँड नीट वाचा. पुण्यात असं कलम कागदावर राहतं. जिथे तुमच्या कामाच्या तीनच कंपन्या आहेत तिथे ते अख्खी बाजारपेठ बंद करू शकतं. सहा महिन्यांपेक्षा लांब असेल तर कमी करून मागा.

पैशाचं गणित

एक मॉरिशस रुपया म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन भारतीय रुपये. समजा महिना ९०,००० मॉरिशस रुपये मूळ पगार आहे आणि तेरावा पगार मिळतो. वर्षाचे झाले ११,७०,०००. जुलै २०२५ पासूनच्या टप्प्यांनुसार पहिल्या ५,००,००० वर कर शून्य, पुढच्या ५,००,००० वर १० टक्के म्हणजे ५०,०००, आणि उरलेल्या १,७०,००० वर २० टक्के म्हणजे ३४,०००. एकूण कर ८४,०००. सामाजिक अंशदानाचे, म्हणजे सीएसजीचे, ५०,००० पेक्षा जास्त मूळ पगारावर ३ टक्के: महिना २,७००, वर्षाला ३२,४००. हातात साधारण साडेदहा लाख मॉरिशस रुपये, म्हणजे वीसेक लाख भारतीय रुपये.

आता दुसरी बाजू. बेटावर बहुतेक गोष्टी जहाजाने येतात, त्यामुळे दूध पावडर, डाळी, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि गाडी, सगळंच पुण्यापेक्षा महाग. मुलांच्या खासगी शाळेची फी पगाराचा मोठा लचका तोडते. पुण्यात पंचवीस-तीस लाखांच्या पॅकेजवर असलेला माणूस केवळ शिल्लक वाढावी म्हणून निघाला असेल तर त्याने घरीच थांबावं. फ्रेंच ग्राहकांसोबतचा अनुभव, छोट्या संघात मोठी जबाबदारी, कामावरून सहा वाजता घरी जाता येणं, यासाठी जायचं असेल तर हिशोब जमतो. ही तुलना ऑफर स्वीकारण्याआधी कागदावर करा.

कर वर्ष १ जुलै ते ३० जून असं आहे, आपल्यासारखं एप्रिलपासून नाही. भारतात अनिवासी ठरण्यासाठीचे दिवस मात्र एप्रिल ते मार्चमध्ये मोजायचे. सप्टेंबरच्या अखेरीपूर्वी भारत सोडलात तर त्या वर्षीचा हिशोब सहसा सोपा जातो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा घ्यायला मॉरिशसचं कर-निवासी प्रमाणपत्र लागतं, ते तिथल्या महसूल प्राधिकरणाकडून मागून घ्यावं लागतं.

कागदपत्रं, आणि नावांचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. नेहमीची यादी अशी: पासपोर्ट, जन्मदाखला, पदव्या, अनुभवपत्रं, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो, करार, कुटुंब असेल तर विवाह नोंदणी आणि मुलांचे जन्मदाखले. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाचं अधिकृत भाषांतर हवं.

जन्मदाखला आत्ताच काढून बघा. महाराष्ट्रात हल्लीचे दाखले मराठी-इंग्रजी असतात, पण जुने फक्त मराठीत, आणि कित्येकांवर बाळाचं नावच नसतं. नुसतं ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’, आणि आई-वडिलांची नावं. तसं असेल तर ज्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे अर्ज करून नाव चढवून घ्या आणि नव्या नमुन्यात द्विभाषिक दाखला मागा. गावच्या ग्रामपंचायतीचं जुनं रजिस्टर शोधण्यात दोन-तीन फेऱ्या होतात, म्हणून हे काम ऑफर यायच्या आधीचं.

मग नावं. आपली पद्धत तीन नावांची, आणि प्रत्येक कागदावर त्यांचा क्रम वेगळा. विद्यापीठाच्या पदवीवर ‘पाटील संतोष रमेश’, गुणपत्रिकेवर त्यात आईचंही नाव, पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात ‘संतोष रमेश’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’, कंपनीच्या अनुभवपत्रावर नुसतं ‘संतोष पाटील’. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. परदेशी कारकुनाला मात्र ही तीन-चार वेगळी माणसं वाटू शकतात. उपाय असा की करार, अर्ज, वैद्यकीय अहवाल सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहायचं. आणि एका प्रतिज्ञापत्रात सगळी रूपं नोंदवून ती एकाच व्यक्तीची आहेत हे नोटरीकडून करून ठेवायचं, इंग्रजीत. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणी दाखला जोडायचा. आणि लग्नाची नोंदणीच केलेली नसेल तर ती आधी करा, लग्नपत्रिका आणि फोटोंवर तिथे काही होत नाही.

पदवी आणि जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्या, कंपनीने मागितलं नसलं तरी. भारत आणि मॉरिशस दोन्ही अपोस्टिल करारात आहेत. आधी राज्य शासनाच्या विभागाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम. बेटावर पोचल्यावर हे मागितलं गेलं तर मूळ पदवी कुरियरने भारतात पाठवून परत मागवावी लागते, आणि त्या काळात अर्ज थांबतो.

पोलिसांचं प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतं. ते सगळ्यात शेवटी काढा, कारण त्याला वय असतं. सहा महिन्यांहून जुनं झालं तर पुन्हा काढायला लागण्याची शक्यता मोठी. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणी लांबते, तो आधी दुरुस्त करा.

परवान्याचा क्रम

ऑक्युपेशन परमिट म्हणजे काम आणि वास्तव्य दोन्हींचा एकत्र परवाना. कामगार मंत्रालयाचं वर्क परमिट ही वेगळी गोष्ट आहे. ऑफर पत्रात कोणता शब्द आहे ते बघा. अर्ज राष्ट्रीय ई-लायसेन्सिंग प्रणालीत ऑनलाइन होतो, आधी कंपनीची नोंदणी, मग तुमची माहिती आणि स्कॅन. तत्त्वतः मंजुरी आली की बेटावर यायचं, मान्यताप्राप्त ठिकाणी वैद्यकीय तपासण्या करायच्या (रक्ताच्या चाचण्यांत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी असतात, शिवाय छातीचा एक्स-रे), मग मूळ कागद घेऊन बोर्डाच्या कार्यालयात हजर राहायचं, शुल्क भरायचं आणि कार्ड घ्यायचं.

अर्ज अडतो तो बहुधा किरकोळ कारणांनी. पासपोर्टची मुदत कराराच्या मुदतीपेक्षा कमी, पदनाम आणि पदवीचा विषय जुळत नाही, अनुभवपत्रात तारखा नाहीत, स्कॅन अर्धवट कापलेला. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी आणि दहा वर्षं डेटाबेसवर काम, असं आपल्याकडे घरोघरी आहे. तिथे मात्र अनुभवपत्रात काम काय केलं ते चार ओळींत लिहिलेलं हवं. आपल्या कंपन्यांची छापील ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होते’ अशी पत्रं कमी पडतात. नोकरी सोडतानाच मॅनेजरकडून कामाचं वर्णन असलेलं पत्र घ्या, नंतर कोणी देत नाही.

परवाना त्या एका कंपनीशी बांधलेला असतो. दुसरीकडे जायचं तर नव्या कंपनीने नवा अर्ज करायचा. तो मंजूर होईपर्यंत राजीनाम्याची तारीख पुढे ठेवायची. जोडीदाराला तिथे काम करायचं असेल तर त्याबद्दलचा नियम त्या घडीला काय आहे, हे बोर्डाकडून ईमेलवर लेखी घ्या.

दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी

नोकरी भारतातली किंवा अमेरिकेतली आणि बसायचं मॉरिशसमध्ये, असा बेत असेल तर प्रीमियम व्हिसा आहे. २०२० मध्ये सुरू झाला, एक वर्षाचा, नूतनीकरण होतं. महिना किमान १,५०० अमेरिकी डॉलर उत्पन्न दाखवायचं आणि ते मॉरिशसबाहेरून आलेलं हवं. स्थानिक कंपनीचं काम घेता येत नाही.

इथे खरी अडचण व्हिसाची नसते. तुमच्या कंपनीचं सुरक्षा धोरण मॉरिशसच्या आयपी पत्त्यावरून लॉगिन होऊ देतं का, ग्राहकाच्या करारात ‘काम अमुक देशातूनच’ असं कलम आहे का, हे आधी लेखी विचारा. घरगुती व्हीपीएन लावून लपवायचा प्रयत्न करणाऱ्यांना आयटी विभाग उशिरा का होईना पकडतोच. जोडणी म्हणाल तर फायबर घरोघरी पोचलंय, पण बेट जगाशी सेफ, लायन, मेटिससारख्या मोजक्या समुद्री केबलींनी जोडलेलं आहे. एखादी तुटली की वेग उतरतो. युरोप-अमेरिकेतल्या सर्व्हरवर दूरस्थ डेस्कटॉप वापरायचा असेल तर उशीर जाणवतो. फाइली इथे घेऊन काम करण्याची पद्धत बसवा.

पोचल्यावर

घर मेट्रोच्या रस्त्यावर शोधा. पोर्ट लुईहून बो-बासँ, रोझ हिल, कात्र बोर्न, वाकोआ असं करत क्युरपीपपर्यंत मेट्रो जाते, आणि रोझ हिलहून एक फाटा एबेनमार्गे रेड्युईला. बांधली लार्सन अँड टुब्रोने. ग्रँड बे किंवा फ्लिक-आँ-फ्लाकचा समुद्र फोटोत छान दिसतो, पण तिथून रोज एबेनला गाडीने यायचं म्हणजे सकाळी तासभर रांगेत. क्युरपीप उंचावर असल्यामुळे थंड आणि भाडं सोसणारं, पण पाऊस आणि दमट हवा कोकणाला लाजवणारी. कपाटात बुरशी येते, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याशेजारी सिलिका जेल ठेवावं लागतं. भाडेकरारात एक महिना आगाऊ आणि एक-दोन महिन्यांची अनामत धरून चला, म्हणजे पहिल्या पगाराआधी तीन महिन्यांचं भाडं हातात हवं.

वीज २३० व्होल्ट, पण सॉकेट ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे किंवा युरोपीय दोन गोल पिनांचे. आपली तीन गोल पिनांची लॅपटॉपची वायर बसत नाही. ॲडॅप्टरपेक्षा वायरच तिथे विकत घ्या. बँक खात्याला परवाना आणि पत्त्याचा पुरावा लागतो; भाडेकराराची प्रत सोबत न्या. एमसीबीचं ज्यूस ॲप लोक आपल्याकडच्या यूपीआयसारखं वापरतात. भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यायला विसरू नका.

फ्रेंच ग्राहकांवर काम असेल तर वर्षातून दोनदा शिफ्ट सरकते. मॉरिशस घड्याळ बदलत नाही, फ्रान्स बदलतं: उन्हाळ्यात फ्रान्स दोन तास मागे, हिवाळ्यात तीन. पॅरिसला संध्याकाळी सहाला संपणारी बैठक मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तुमच्या आठला संपते, उरलेल्या काळात नऊला. त्या वेळी घरी परत जायची सोय कंपनी करते का, हे रुजू होताना विचारा; रात्री बस लवकर बंद होतात.

चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत. इशारे वर्ग एक ते चार असे येतात. वर्ग तीन लागला की ऑफिस बंद, रस्त्यावर जायचं नाही. लॅपटॉप घरी असेल तर ग्राहकाला ‘सुट्टी’ समजत नाही, म्हणून वर्ग दोन लागताच राउटरसाठी छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं डेटा सिम चार्ज करून ठेवायचं, आणि ग्राहकाला लेखी कळवायचं की पुढचे दोन दिवस जोडणीची खात्री नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या होत्या. तळमजल्यावरचं घर घेताना आधी शेजाऱ्याला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा.

बेटावर मराठी वंशाचे लोक आहेत, एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्यांचे वंशज. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते. त्यांची घरची भाषा आता क्रिओल आहे. ओळखी जरूर करा, पण पहिल्याच भेटीत नोकरीचं विचारलेलं कोणालाच आवडत नाही. गणपतीत चार दिवस हातभार लावलात तर घरमालक, डॉक्टर, जुनी गाडी विकणारा, सगळे तिथेच भेटतात.

नोकरी सुटली तर त्याच आठवड्यात बोर्डाला कळवा, कारण वास्तव्याचा आधारच तो परवाना आहे. कंपनीकडून अनुभवपत्र, कापलेल्या कराचं विवरण आणि सुट्ट्यांचा हिशोब बेट सोडण्याआधी हातात घ्या. घराची अनामत परत मिळायला वेळ लागतो, त्यामुळे बँक खातं लगेच बंद करू नका.